दिसणारा कर, न दिसणारा परतावा : कॅनडाच्या कार्बन कराचं प्रकरण

पार्श्वभूमी

१ एप्रिल २०१९ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ, मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि न्यू ब्रन्सविक या चार प्रांतांत पेट्रोल लिटरमागे ४.४२ सेंटांनी महागलं. कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे २० डॉलर हा दर केंद्राने ठरवला होता, त्याचा हा पंपावरचा अवतार. दर वर्षी १ एप्रिलला टनामागे १० डॉलर वाढवत २०२२ पर्यंत ५० वर न्यायचे, असा बेत होता. डिसेंबर २०२० मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्या लिबरल सरकारने पुढचा टप्पा जाहीर केला : २०२३ पासून दर वर्षी १५ डॉलरची वाढ आणि २०३० मध्ये टनाला १७० डॉलर.

रचना समजायला अवघड नव्हती. प्रांतांनी स्वतःची योजना आणावी, ती केंद्राच्या निकषात बसली तर केंद्र हात लावणार नाही. क्वेबेकने कॅलिफोर्नियाबरोबर उत्सर्जन-परवान्यांचा बाजार चालवला होता, तो तसाच राहिला. ब्रिटिश कोलंबियाचा स्वतःचा कर होता, तोही राहिला. ज्यांनी काहीच केलं नाही किंवा केलेलं मोडलं, तिथे केंद्राचा कर लागू. मोठ्या कारखान्यांसाठी वेगळी पद्धत होती. या लेखाचा विषय आहे तो सामान्य माणसाच्या इंधनावरचा कर.

या करातून येणाऱ्या पैशातले सुमारे ९० टक्के त्याच प्रांतातल्या घरांना परत द्यायचे होते आणि तेही सरसकट, घरात माणसं किती या हिशेबाने. तुम्ही किती पेट्रोल जाळलं याचा परताव्याशी संबंध नाही. कमी जाळाल तर कर कमी भराल, परतावा मात्र तेवढाच मिळेल. कराची सगळी अक्कल या एका वाक्यात होती आणि सहा वर्षांत हेच वाक्य सरकारला लोकांच्या गळी उतरवता आलं नाही.

कार्बन कर कॅनडाला नवा नव्हता. ब्रिटिश कोलंबियात तो १ जुलै २००८ पासून होता आणि आणणारे प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) गॉर्डन कॅम्पबेल उजवीकडे झुकलेले. टनाला १० डॉलरपासून सुरुवात, २०१२ मध्ये ३०, आणि येणारा पैसा आयकर कपातीतून परत. गंमत म्हणजे २००९ च्या प्रांतिक निवडणुकीत ‘अ‍ॅक्स द टॅक्स’ (कर तोडून टाका) ही आरोळी दिली ती डाव्या एनडीपीने, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने, आणि ते हरले. उलट २००८ च्याच केंद्रीय निवडणुकीत लिबरल नेते स्टेफान डिऑन कार्बन कराचा प्रस्ताव घेऊन उतरले आणि स्टीफन हार्पर यांच्याकडून हरले. एकाच कल्पनेचे दोन निकाल दहा वर्षं आधीच ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या समोर होते.

पेच

वाद आर्थिक परिणामांचा, असं दोन्ही बाजू म्हणत. प्रत्यक्षात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. पहिला : माझ्या घरातून किती गेले आणि किती आले? दुसरा : देशाची अर्थव्यवस्था यामुळे किती मंदावते आणि त्याची झळ माझ्या पगाराला किती बसते? सरकार पहिल्याचं उत्तर देई. विरोधक दुसऱ्याचं देत. ऐकणाऱ्याला वाटे की एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आली, म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय.

पहिला प्रश्न एका घरावर लावून पाहू. घर नमुन्याचं आहे, दर खरे आहेत. ओंटारिओतल्या एका उपनगरात राहणारं चौघांचं कुटुंब, वर्ष २०२४-२५, दर टनाला ८० डॉलर. पेट्रोलवर लिटरमागे १७.६ सेंट, घर तापवायच्या नैसर्गिक वायूवर घनमीटरमागे १५.२५ सेंट. गाडीला वर्षाला २,००० लिटर धरा : ३५२ डॉलर. घराला २,२०० घनमीटर वायू धरा : साधारण ३३५. शिवाय कार्बन करासकट जी किंमत होते तिच्यावर १३ टक्के विक्रीकर. करावर कर, ही लोकांची चीड रास्तच होती. एकूण सुमारे ७७७ डॉलर. किराणा आणि वाहतुकीतून वळणं घेत येणारा बोजा वेगळा, पण तो यापेक्षा बराच लहान.

परतावा : दर तिमाहीला २८०, वर्षाला १,१२० डॉलर. म्हणजे घर फायद्यात.

आता हाच हिशेब त्या घरातली माणसं कशी अनुभवतात ते पाहा. ५० लिटरची टाकी भरली की ८ डॉलर ८० सेंट कराचे. वर्षातून चाळीस वेळा टाकी भरायची, आणि दर वेळी किमतीचा मोठा फलक डोळ्यांसमोर. वायूच्या बिलावर ‘फेडरल कार्बन चार्ज’ ही स्वतंत्र ओळ दर महिन्याला. आणि परतावा? वर्षातून चारदा खात्यात गुपचूप जमा. बऱ्याच बँकांच्या नोंदीत ‘कॅनडा सरकारकडून जमा’ अशा धर्तीची मोघम ओळ असे. मुलांचा भत्ता, विक्रीकराची सवलत आणि हा परतावा यांत फरक करायला माणसाने पासबुक घेऊन बसायला हवं. कोण बसतं?

समोरचे पर्याय

पैसा परत कसा करायचा, यावर सुरुवातीला तीन वाटा होत्या. ब्रिटिश कोलंबियासारखी आयकर कपात : अर्थशास्त्रज्ञांना ही आवडते, कारण कामावरचा कर कमी होऊन अर्थव्यवस्थेवरचा भार हलका होतो. पण ज्याचं उत्पन्नच कमी त्याला कपातीचा उपयोग नाही. दुसरी वाट, पैसा बस, मेट्रो, घरांचं इन्सुलेशन यांत घालायचा. त्यात केंद्राने प्रांतांकडून पैसा ओरबाडल्याचा आरोप आला असता. तिसरी, रोख परतावा. सरकारने तिसरी निवडली. न्यायाच्या दृष्टीने ती चांगली होती, कारण श्रीमंत घर जास्त इंधन जाळतं आणि परतावा सगळ्यांना सारखा, म्हणून गरिबाच्या पदरात जास्त पडतं.

कर न लावता नियम करण्याचाही पर्याय होता. गाड्यांचे मायलेज नियम, वीजनिर्मितीतून कोळसा हटवणं वगैरे. यात टनामागे खर्च सहसा जास्त येतो, पण तो कुठल्याच पावतीवर दिसत नाही. राजकारण्यांना नियम का आवडतात याचं उत्तर इथेच आहे. कॅनडाने दोन्ही केलं, आणि शिव्या फक्त कराला पडल्या.

निर्णय आणि त्यांची फळं

पहिला निर्णय परतावा आयकर विवरणातून देण्याचा. २०१९ च्या वसंतात, म्हणजे कर सुरू होण्याच्याच सुमारास, ओंटारिओतल्या चौघांच्या घराला ३०७ डॉलर मिळणार होते. आधी पैसे, मग कर, हा क्रम खरं तर उत्तम. पण ते ३०७ डॉलर आयकराच्या रिफंडात विरघळून गेले. सरकारने नाव ठेवलं ‘क्लायमेट अ‍ॅक्शन इन्सेंटिव्ह’, ज्यातून हा कार्बन कराचा परतावा आहे हे समजायला पत्रकार परिषद लागे. विरोधक मात्र कामाला लागले होते. ओंटारिओचे प्रीमियर डग फोर्ड यांनी कायदा करून प्रत्येक पंपावर कराचं स्टिकर लावणं सक्तीचं केलं. स्टिकरवर ४.४ सेंटांचा कर होता, परताव्याचा उल्लेख नव्हता. २०२० मध्ये न्यायालयाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. (स्टिकरचा डिंकही धड नव्हता, अनेक ठिकाणी ती आपोआप निघून पडली.)

घटनेची लढाई केंद्राने जिंकली. २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी कर वैध ठरवला. २०१९ आणि २०२१ या दोन्ही निवडणुका लिबरल पक्षाने हा कर अंगावर घेऊनच जिंकल्या. २०२१ मध्ये तर कॉन्झर्व्हेटिव्ह नेते एरिन ओटूल यांनी स्वतःचीच एक कार्बन-किंमत योजना मांडली होती. करावर राजकीय एकमत होत आलंय असं मानायला तेव्हा जागा होती, आणि मला वाटतं सरकार तिथेच गाफील राहिलं.

मग महागाई आली. जून २०२२ मध्ये ८.१ टक्के. बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर पाव टक्क्यावरून जुलै २०२३ पर्यंत ५ टक्क्यांवर गेला. गृहकर्जाचे हप्ते फुगले, भाडी वाढली. सप्टेंबर २०२२ मध्ये पिएर पॉलिएव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह नेते झाले आणि त्यांनी कधीकाळी एनडीपीने वापरलेली तीच तीन शब्दांची आरोळी उचलली. किराणा महाग? कार्बन कर. घर महाग? कार्बन कर. बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर टिफ मॅक्लेम यांनी आकडा दिला होता : दर वर्षीच्या वाढीमुळे महागाईत ०.१५ टक्के बिंदूंची भर पडते, आणि कर पूर्ण काढला तर महागाई एकदाच ०.६ बिंदूंनी उतरेल. म्हणजे ८ टक्क्यांच्या महागाईत कराचा वाटा चिमूटभर. पण चिमूट का होईना, ती सरकारने स्वतः टाकलेली होती, आणि दर १ एप्रिलला पुन्हा टाकली जात होती. परतावा तिमाही झाला तो जुलै २०२२ मध्ये. त्याची तारीख १५. किंमत १ एप्रिलला वाढे, वाढीव परतावा दोन आठवड्यांनी येई. मधल्या दोन आठवड्यांत दिसे ती फक्त वाढलेली किंमत.

संसदेचे अर्थसंकल्प अधिकारी इव्ह जिरू यांच्या अहवालांनी दुसरा प्रश्न पुढे आणला. निव्वळ देवघेव पाहिली तर बहुतेक घरं फायद्यात, असं त्यांचं कार्यालयही म्हणत होतं. पण रोजगार, पगार आणि गुंतवणुकीवरच्या परताव्यातली घट धरली तर बहुतेक घरं तोट्यात, असंही तेच अहवाल म्हणत. पॉलिएव्ह यांनी दुसरं वाक्य उचललं, ट्रुडो यांनी पहिलं. २०२४ मध्ये त्या कार्यालयाने मान्य केलं की आर्थिक परिणामांत कारखान्यांवरच्या कार्बन शुल्काचा परिणामही चुकून मिसळला गेला होता. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित अहवालात तोटा बराच लहान झाला, पण पूर्ण पुसला गेला नाही. आणखी एक गोष्ट अहवालात नव्हती : हवामान बदलामुळे होणारं नुकसान. वणव्यांत जळणारी गावं हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात नव्हती. मार्च २०२४ मध्ये दोनशेहून जास्त अर्थशास्त्रज्ञांनी कराच्या बाजूने खुलं पत्र काढलं. मुद्दे बरोबर होते. पत्राने एकही मत हललं असेल असं मला वाटत नाही.

मात्र कर मेला तो यातल्या कशानेही नाही. माझ्या मते निर्णायक तारीख २६ ऑक्टोबर २०२३. जुलै २०२३ पासून कर अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत लागू झाला होता. तिथे बरीच घरं अजून तेलावर तापतात, आणि तेल वायूपेक्षा महाग. ते प्रांत लिबरल पक्षाचा गड, आणि तिथलेच खासदार अस्वस्थ झाले. ट्रुडो यांनी घर तापवायच्या तेलावरचा कर तीन वर्षांसाठी स्थगित केला. सवलत कागदावर देशभर होती, पण तेल वापरणारी घरं प्रामुख्याने अटलांटिकमध्ये. अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमधली घरं वायूवर तापतात, त्यांना काहीच नाही. भरीला मंत्री गुडी हचिंग्ज दूरचित्रवाणीवर म्हणाल्या की प्रेअरी प्रांतांना (अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा) असं काही हवं असेल तर त्यांनी जास्त लिबरल निवडून द्यावेत. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

सरकारकडे त्या आठवड्यात दुसरे मार्ग नव्हते असं नाही. त्याच घोषणेत ग्रामीण भागाचा वाढीव परतावा १० टक्क्यांवरून २० टक्के केला होता, आणि तेलावरून हीट पंपावर (विजेवर घर तापवणाऱ्या यंत्रावर) जाणाऱ्यांसाठी अनुदान वाढवलं होतं. एवढ्यावर थांबता आलं असतं. सगळ्याच घरगुती उष्णतेला सवलत देता आली असती : महाग पडलं असतं, पण भेदभाव नसता. निवडला तो पर्याय सगळ्यांत स्वस्त होता आणि त्याने कराचं मूळ समर्थनच कापलं. पाच वर्षं सरकार सांगत होतं की कर भरून तुम्ही फायद्यात आहात. मग फायद्यात असलेल्याला सवलत कशाला? हा प्रश्न पॉलिएव्ह यांना विचारावाही लागला नाही.

पुढे सगळं उताराने गेलं. ६ नोव्हेंबरला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ही सवलत सगळ्या घरगुती उष्णतेला लावण्याचा ठराव आणला. तो पडला, पण एनडीपीने त्याच्या बाजूने मत दिलं. सस्कॅचेवानचे प्रीमियर स्कॉट मो यांनी १ जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवर कर गोळा करणंच थांबवलं. शेतकऱ्यांचाही प्रश्न होता : ट्रॅक्टरच्या डिझेलला सूट होती, पण धान्य वाळवायच्या आणि गोठे तापवायच्या प्रोपेन व वायूला नव्हती. ती देणारं विधेयक संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटने त्यात काटछाट केली. १ एप्रिल २०२४ ला दर ६५ वरून ८० वर जायच्या आधी सात प्रीमियरनी वाढ थांबवायला सांगितलं. त्यांत न्यूफाउंडलंडचे अँड्र्यू फ्युरी होते, जे स्वतः लिबरल. वाढ झाली. परताव्याचं नाव बदलून ‘कॅनडा कार्बन रिबेट’ केलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, पाच वर्षं उशिरा. लहान उद्योगांचे अडीच अब्ज डॉलर सरकारने अनेक वर्षं अडकवून ठेवले होते, ते २०२४ च्या शेवटी वाटले. त्या दुकानदारांनी तोवर कर भरला होता, परतावा पाहिला नव्हता. त्यांच्या बाबतीत ‘सरकार पैसा परत करतं’ हे विधान पाच वर्षं चक्क खोटं होतं.

निष्पत्ती

६ जानेवारी २०२५ रोजी ट्रुडो यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी आलेले मार्क कार्नी हे बँक ऑफ कॅनडा आणि बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर, आणि कार्बनला किंमत हवी हे आयुष्यभर सांगणारे. १४ मार्चला शपथ घेतली त्याच दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्यांनी ग्राहकांवरचा दर १ एप्रिलपासून शून्य केला. ब्रिटिश कोलंबियानेही त्याच दिवसापासून आपला १७ वर्षांचा कर काढला. २८ एप्रिलच्या निवडणुकीत लिबरल जिंकले आणि पॉलिएव्ह स्वतःच्या कार्लटन मतदारसंघात पडले. त्यांचा सगळ्यांत धारदार मुद्दा प्रतिस्पर्ध्याने महिनाभर आधी पळवला होता. अर्थात तोवर अमेरिकेतून येणाऱ्या आयातशुल्काच्या धमक्यांनी निवडणुकीचा विषयच बदलला होता, ते विसरून चालणार नाही.

शेवटचा परतावा २२ एप्रिलपासून जमा झाला. कर गेलेला, पैसे आलेले, आणि मतदानाला सहा दिवस.

एप्रिल २०२५ चा महागाई दर १.७ टक्के निघाला, मार्चमध्ये तो २.३ होता. फरक ०.६ बिंदू, मॅक्लेम यांनी सांगितला होता तेवढाच. त्यात कच्च्या तेलाच्या उतरलेल्या किमतीचाही वाटा होता, त्यामुळे याला शास्त्रीय पुरावा म्हणता येत नाही. पण पेट्रोल वर्षभरापूर्वीच्या तुलनेत १८.१ टक्क्यांनी स्वस्त झालं हे प्रत्येकाला दिसलं. किराणा त्याच महिन्यात महागच होत राहिला.

हवामानाचं काय? कॅनेडियन क्लायमेट इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०३० पर्यंत होणाऱ्या उत्सर्जन-कपातीत ग्राहकांवरच्या कराचा वाटा ८ ते १४ टक्के असता, कारखान्यांवरच्या शुल्काचा २० ते ४८. म्हणजे राजकीय किंमत सगळी लहान तुकड्यावर खर्च झाली. मोठा तुकडा कायद्यात शिल्लक आहे, तरी तोही सुरक्षित नाही : मे २०२५ मध्ये अल्बर्टाने आपला औद्योगिक दर टनाला ९५ डॉलरवर गोठवला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत स्वस्त सुधारणा परताव्याच्या तारखेची आणि नावाची. पैसा १५ मार्चला द्यायचा, दर १ एप्रिलला वाढवायचा. पहिल्या दिवसापासून बँकेच्या नोंदीत कराचं नाव सक्तीचं. सरकारने ही सक्ती कायद्यात आणली, पण २०२४ मध्ये. याने कर वाचला असताच असं मी म्हणणार नाही : २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडा-स्वित्झर्लंडच्या एका अभ्यासात दिसलं की परताव्याची खरी रक्कम सांगितल्यावरही पाठिंबा फारसा वाढत नाही. लोक रक्कम कमी धरतात, आणि कोणता आकडा मानायचा हे पक्ष बघून ठरवतात.

वाढीचं वेळापत्रक मात्र नक्की सैल करता आलं असतं. महागाई ४ टक्क्यांवर असताना त्या वर्षीची वाढ पुढे ढकलायची, असं कलम २०१८ च्या कायद्यातच असतं तर २०२३ ची सवलत द्यायची वेळ कदाचित आली नसती. आधी लिहिलेला अपवाद हा नियमाचा भाग वाटतो, दडपणाखाली दिलेला अपवाद शरणागती वाटतो.

करावरचा विक्रीकर काढायला हवा होता. रक्कम लहान, आणि विरोधकांचा एक चोख मुद्दा गेला असता.

आपल्याकडे या विषयावर रस्त्यावरचा वाद झालाच नाही, तो कर नव्हता म्हणून नव्हे. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. महाराष्ट्रातल्या बहुतेक विजेत कोळसा आहे, म्हणजे तो आपण सगळे भरत होतो, पण वीजबिलावर त्याची ओळ नव्हती. पैसा आधी स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी होता, २०१७ नंतर जीएसटीच्या भरपाईकडे वळला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर गेला. कुणी आरोळी दिली नाही, कुणी पैसे परत मागितले नाहीत. कॅनडाच्या सरकारने प्रत्येक डॉलर पावतीवर दाखवला आणि त्यातले ९० सेंट परत केले. त्याचं राजकारण जास्त अवघड असणार हे उघड होतं. म्हणून तेल-सवलतीच्या आठवड्यात मंत्रिमंडळात कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं : अटलांटिक किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियातल्या घराला जी सूट देतोय, ती सस्कॅचेवानची राजधानी रेजायना इथल्या, वायूवर तापणाऱ्या घराला का नाही, याचं उत्तर आपण तिथे जाऊन तोंडावर देऊ शकतो का?